शंभर वेळा धुतलेले तूप

खाजेला आमच्या वाङ्मयात स्थान नाही. क्षयाने मराठी कादंबरीवर केवढे उपकार करून ठेवले आहेत! किती नायिका त्याने फिकट आणि सुंदर केल्या, किती नायकांना मिरजेच्या वाटेला लावले, त्याचा हिशेब नाही. विषमज्वरात नायक बरळतो आणि मनातले नाव नेमके तोंडातून बाहेर पडते. हृदयविकार तर शेवटच्या प्रकरणासाठीच जन्माला आला आहे. परंतु प्रेयसीची वाट पाहता पाहता कोपराची लवण कराकरा खाजवणारा नायक कोणी पाहिला आहे काय? मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांत दोन माणसे तापाने गेली, एक विहिरीत बुडाले, एकाला दमा आहे. इसब मात्र मी कोणालाही दिला नाही. आणि ही चारही पुस्तके ज्या हाताने लिहिली तो हात गेली तीस वर्षे इसबाने चिरलेला आहे.

याचे कारण उघड आहे. दुखणे माणसाला थोर करते, खाज त्याला हास्यास्पद करते. पोटात कळ आली म्हणून सभेतून उठून जाणाऱ्याकडे लोक कळवळ्याने पाहतात. खाज सुटली म्हणून चुळबुळ करणाऱ्याकडे पाहून शेजारचा मनुष्य आपली खुर्ची सरकवतो. त्यातून मराठीत 'खाज' या शब्दाला जे दुसरे अर्थ चिकटले आहेत, त्यांनी बिचारीची उरलीसुरली अब्रूही घालवली.

माझा इसब हाताचा. खडू जिथे धरतात नेमका तिथला. उजवा अंगठा, तर्जनी आणि त्यांच्यामधली बेचकी. शिक्षण विचाराल तर दहावी, आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. एवढ्या शिदोरीवर खटाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकवीस वर्षे फळ्यावर कुंभ, केळी आणि गणपती काढीत आलो. खडूची पूड हातातला ओलावा शोषून घेते, टर्पेंटाइन उरलेले तेल नेते, आणि दर तासानंतर साबणाने हात धुण्याची सवय बाकीचे काम पुरे करते. जन्म कोकणातला, संगमेश्वराकडचा. तिकडे घामाने खाज सुटे, पण कातडी निदान मऊ राहत असे. घाटावरच्या या कोरड्या मुलखात कार्तिकाची थंडी पडली की बोटांना अशा चिरा जातात की, मुलांच्या वह्यांवर लाल शाईखेरीज दुसराही लाल ठिपका उमटतो.

हा आजार आमच्या घरातच आहे. वडिलांना दमा होता, अक्काला इसब, मला इसब, एका चुलतभावाला पहाटे उठल्यापासून शिंका. ही सारी एकाच झाडाची फळे आहेत असे आता डॉक्टर सांगतात. आमच्या आजीला तेही ठाऊक होते, पण तिचे म्हणणे असे की, इसब दाबला की तो आत शिरतो आणि दमा होऊन बाहेर पडतो. म्हणून त्याला वाहू द्यावे. आजीचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकीचा. पुष्कळ मुलांना आधी इसब आणि मागाहून दमा होतो हे खरे. परंतु इसबावर उपचार केल्यामुळे दमा होतो असे नाही. आता माझ्या मुलीच्या दोन्ही कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत तो आला आहे. ती सहावीत आहे.

ताप आला तर लोक डॉक्टरचे नाव सांगतात. खाज सुटली तर औषधच सांगतात. माझा हात पाहून एस. टी.च्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता कडुनिंबाचा काढा सांगितला आहे. कोळणीने मासे तोलताना करंजाचे तेल सांगितले. एका व्याह्यांनी लसूण वाटून बांधायला सांगितली, एका निवृत्त फौजदारांनी मोरचूद, एका कीर्तनकारांनी लिंबू. कोणीही पैसे मागितले नाहीत, कोणीही हात लावून पाहिला नाही. पुढे पुढे मी या औषधांचे मनाशी दोन ढीग केले. एक जाळणाऱ्यांचा आणि दुसरा निववणाऱ्यांचा. पहिला ढीग दुसऱ्याच्या चौपट मोठा आहे. आपल्या लोकांचा असा एक पक्का समज आहे की, औषध कडू असले तरच पोटात लागू पडते आणि चरचरले तरच कातडीत. रोग हा शत्रू. त्याला जाळला पाहिजे. खोबरेल लावा म्हणून सांगणाऱ्याकडे लोक कसे पाहतात? बाजारात तलवार घ्यायला गेलेल्याला कोणी उशी दाखवावी, तसे.

या पहिल्या ढिगात बिबा सर्वांत वर. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात; त्याचे काळे तेल ठिबकू लागते. आंबा, काजू आणि बिबा ही एकाच कुळातली झाडे. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने बिब्याची कल्पना करावी. जाणता वैद्य त्याची शुद्धी केल्यावाचून त्याला हात लावीत नाही. आमच्या गावात १९८९ च्या सुमारास एक फिरता वैदू आला. अक्का तेव्हा सतरा वर्षांची. तिच्या मानेवर मागच्या बाजूला आणि कोपरात इसबाचे चट्टे होते, आणि घरात तिच्या लग्नाचा विषय नुकताच निघू लागला होता. मुलीची जात, मान वेणीखाली कुठवर झाकणार? वैदूने बिबा सांगितला. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. आईने सुई धरली, आईनेच थेंब लावला.

पहिल्या दिवशी अक्का म्हणाली, खाज एकदम थांबली. हे खोटे नव्हते. वेदना आणि खाज या दोघींचे निरोप मज्जारज्जूतून जवळजवळ एकाच वाटेने जातात, आणि वेदना चढली की खाजेचा निरोप तिथेच दाबला जातो. आपण खाजवतो तेही याचसाठी. नखांनी थोडीशी वेदना द्यायची आणि खाज विकत घ्यायची. लिंबू, मीठ, मोरचूद, कढत पाणी, ही सगळी नखांचीच भावंडे. आमच्या तालुक्यात राजवाडीला, तुरळला, आरवलीला गरम पाण्याची कुंडे आहेत. तिथे खाजेची माणसे लांबून येतात आणि पाण्यात बसल्याबरोबर डोळे मिटून 'अहाहा' म्हणतात. तो 'अहाहा' अगदी खरा. पण त्या पाण्याने कातडीतले उरलेसुरले तेल निघून जाते आणि रात्री मुक्कामाला पोचेपर्यंत तीच माणसे दुप्पट खाजवू लागतात. तेव्हा त्यांना कुंडाची आठवण येते. कुंडाचा संशय येत नाही.

अक्काच्या मानेला तिसऱ्या दिवशी फोड आले, चौथ्या दिवशी तोंड सुजले, आणि मग रत्नागिरीच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते. इसब पुढे आपोआप कमी झाला. वयाबरोबर पुष्कळांचा होतो. बिब्याचा काळा डाग मात्र राहिला, तळहाताएवढा. पाहायला आलेल्या एका बाईंनी तिची वेणी स्वतःच्या हाताने बाजूला करून पाहिली होती. अक्काचे लग्न सत्ताविसाव्या वर्षी झाले. माणूस चांगला मिळाला, संसार चांगला झाला. पण मधली दहा वर्षे आमच्या घरात कोणी मोठ्याने हसले असेल तर ते मला आठवत नाही. आई त्या प्रकारासंबंधी कधी बोलली नाही. वैदूला शिव्या देण्याचा हक्क होता, तोही तिने बजावला नाही.

या रोगाचे लोकांना एवढे भय का, याचे एक कारण मला पुस्तकात सापडले. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि आपला इसब 'विचर्चिका' या नावाने त्यांतच बसवला आहे. प्राचीनांच्या लेखी 'कुष्ठ' म्हणजे कातडीचे बहुतेक सगळे विकार. पुढे त्या शब्दाचा अर्थ आकसून एकाच भयंकर समजल्या गेलेल्या रोगाला चिकटला, आणि जुन्या बिऱ्हाडातल्या सगळ्या भाडेकरूंना त्याची बदनामी भोगावी लागली. मौज अशी की, विचर्चिका चरकाच्या मते पुष्कळ स्रवणारी आणि सुश्रुताच्या मते कोरडी, रेघारेघांची. यावर पंडितांनी वाद घातला असेल. ज्याला इसब आहे तो घालणार नाही. इसब उठतो तेव्हा ओला असतो आणि जुना झाला की कोरडा. दोघांनी एकच रोगी निरनिराळ्या महिन्यांत पाहिला असावा.

इसब संसर्गाने होत नाही. हाताला हात लावून तो जात नाही, एका तांब्याने पाणी प्यायल्याने जात नाही. हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावे असे मला गेल्या नवरात्रात वाटले. आमच्याकडे हादगा असतो. मधोमध हत्तीचे चित्र ठेवतात आणि मुली हातात हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. हत्ती अर्थातच माझ्या हातचा. मी व्हरांड्यात उभा राहून हत्तीची सोंड जरा आखूड झाली की काय ते पाहत होतो, तेव्हा माझ्या लक्षात आले की, मुलीच्या शेजारच्या पोरीने आपली ओढणी हाताभोवती गुंडाळली आहे आणि मग तिचा हात धरला आहे. फेर चालू राहिला. माझी मुलगी गाणे म्हणत होती. घरी येऊन ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही. रात्री तिने चादरीवर कोपर घासून घासून रक्त काढले.

त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. पण कातडी म्हणजे काय, हे मी दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवले. आमच्या कोकणात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत असते. चिऱ्यावर चिरा आणि मध्ये चुना. आपल्या कातडीचा वरचा थर तसाच. पेशींचे चिरे आणि त्यांच्यामध्ये स्निग्धाचा चुना. काही माणसांच्या भिंतीत जन्मतःच हे बांधकाम कच्चे असते. फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन ते पक्के करते. ते बनवणाऱ्या जनुकातच दोष असेल तर इसब होण्याचा संभव पुष्कळ वाढतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. सगळ्या इसबाचे कारण तेवढेच नव्हे. पण भिंत कच्ची असली की आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, साबण, लोकर, घाम आत शिरतात. आतले पहारेकरी उगाच आरडाओरडा करू लागतात. त्या आरडाओरड्याचे नाव खाज. भिंत गळते म्हणून तिला कोणी आग लावील काय? वर्ग म्हणाला, "नाही सर." मुले अशा प्रश्नांना नेहमी बरोबर उत्तर देतात.

आता दुसरा, धाकटा ढीग. त्याच्याविषयी सांगण्यासारखे नाट्य काही नाही. खोबरेल आहे. आमच्याकडे ते औषध नव्हतेच, ते घरात मिठासारखे होते. फिलिपाइन्समध्येही नारळ फार; तिथल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये इसबाच्या ११७ मुलांवर आठ आठवडे न तापवता काढलेले खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, आणि खोबरेल सरस ठरले. माझी आई म्हणाली, "त्यासाठी आठ आठवडे कशाला?" तेल लावण्याची वेळ मात्र आम्हाला नव्याने शिकावी लागली. अंग पुसून पूर्ण कोरडे करायचे नाही. टिपायचे, आणि ओलसर असतानाच तेल लावायचे, म्हणजे ओलावा आत कोंडला जातो.

मुठेल आहे. कोकमाच्या बियांतला गर कुटून, पाण्यात उकळून, वर आलेली चरबी थंड झाली की मुठीने दाबून तिचे गोळे करतात. गोळा दगडासारखा घट्ट. पण हातात जरा वेळ धरला की अंगच्या उबेने पाघळू लागतो. टाचांच्या भेगांना कोकणात दुसरे काही कोणाला माहीत नव्हते. माझ्या बोटांच्या चिरांत मी रात्री तेच भरतो आणि वर सुती मोजे घालून निजतो. हातांत पायमोजे घातलेला नवरा पाहण्याची बायकोला आता सवय झाली आहे.

आणि भाताची पेज आहे. पेजेवरचे निवळ पाणी कोमट करून त्यात हात बुडवून बसायचे, हा आजीचा उपाय. आम्ही त्याला गरिबीतले औषध म्हणून हसत असू. पुढे वाचनात आले की, बेल्जियममधल्या संशोधकांनी तांदळाची खळ आंघोळीच्या पाण्यात मिसळून इसबाच्या रोग्यांना त्यात रोज दोनदा पंधरा मिनिटे बसवले आणि त्यांची कातडी सुधारलेली पाहिली. हे २००२ चे. ब्रुसेल्स म्हटले की मला चित्रकलेच्या मास्तराला दुसरीच गोष्ट आठवते. तिथल्या संग्रहालयात दाव्हीदने १७९३ मध्ये काढलेले 'माराचा मृत्यू' हे चित्र आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतला हा पुढारी टबात बसून लिहीत असता त्याच्यावर सुरीने वार झाला. मुलांना हे चित्र दाखवले की ती सुरी पाहतात, रक्त पाहतात, हातातली चिठ्ठी पाहतात. तो आंघोळीच्या वेळी का लिहीत होता, असे एकही मूल विचारीत नाही. मारा स्वतः डॉक्टर होता आणि त्याला कातडीचा असा काही खाजरा विकार होता की, पाण्यात बसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो विकार कोणता, यावर अजून एकमत नाही. टबावर फळी टाकून तो राज्यकारभार करी. डोक्याला ओले फडके. म्हणजे त्या चित्रात जे आहे ते पाणी, फडके आणि लाकडाची पेटी, तो सगळा एका खाजणाऱ्या माणसाचा घरगुती उपचार आहे. आणि दाव्हीदने काय केले? माराची कातडी संगमरवरासारखी गुळगुळीत काढली! एक चट्टा नाही, एक ओरखडा नाही. हुतात्म्याला सुरीची जखम शोभते, इसब शोभत नाही. कादंबरीकारांनाच दोष कशाला द्या?

ओल्या फडक्याचा उपाय मात्र खरा आहे आणि आता डॉक्टरही तो सांगतात. रात्री फार खाज उठली म्हणजे आधी स्निग्ध काहीतरी चोळायचे, त्यावर कोमट पाण्यात पिळलेली मऊ सुती पट्टी, आणि तिच्यावर कोरडी पट्टी. आमच्या घरी यासाठी आईचे जुने लुगडे फाडले आहे. चाळीस वर्षे धुतलेल्या सुतापेक्षा मऊ वस्त्र कोणत्या गिरणीत निघणार? पण कातडी चिघळून पिवळी खपली धरली असेल, ताप असेल, किंवा दुखरे बारीक फोड पुंजक्यांनी उठले असतील, तर पट्टी नको, तेल नको, आजी नको. त्याच दिवशी डॉक्टर.

दिवाळी ही इसबाच्या माणसाची परीक्षाच. पहाटेची थंडी, कढत पाणी, सुवासिक साबण आणि वर खरखरीत उटणे! शास्त्रातला पहिला भाग, तेल लावण्याचा, फार शहाणपणाचा आहे. पुढचे सगळे त्याच्यावर पाणी फिरवण्यासाठी. मुलीला उटण्यातून सूट द्यावी आणि पाणी कोमट असावे असे मी म्हणालो, तेव्हा आईशी वाद होईल अशी माझी तयारी होती. कारण नरकचतुर्दशीला कोमट पाणी म्हणजे आमच्याकडे जवळजवळ पाखंड. आई म्हणाली, "उटणं तिच्या तळपायाला लावीन. शास्त्रापुरतं."

बाजारात तिसरा ढीग आहे, नळीतल्या मलमांचा, आणि त्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. हायड्रोकॉर्टिझोन कातडीला लावून इसबाला उतार पडतो हे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि या रोगाच्या इतिहासात त्याहून मोठा दिलासा क्वचितच मिळाला असेल. परंतु त्याच जातीची शंभरपट कडक औषधे एका नळीत दोन-तीन इतर औषधांबरोबर भरून, कोणालाही, कशालाही विकली जाऊ लागली. आमच्या एका सहकाऱ्याने गालावरच्या चट्ट्याला औषधाच्या एका दुकानातून असेच मलम आणले. आठ दिवसांत गाल आरशासारखा, मग सवय, मग वर्षभराने कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, लाल, आणि मलम सोडले की आग. २०१८ मध्ये सरकारने अशी पुष्कळ मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. चिठ्ठी न मागणारे दुकानदार त्यामुळे एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. याउलट स्टिरॉइडचे नाव काढताच मुलाला तडफडत ठेवणारे आईबापही मी पाहिले आहेत. साताऱ्याच्या त्वचातज्ज्ञ बाईंनी माझ्या मुलीला सौम्य मलम दिले आणि माप शिकवले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढे मलम त्याच्या दोन तळहातांएवढ्या कातडीला पुरते. किती दिवस, तेही लिहून दिले. ते दिवस संपले की पुन्हा आपले तेल, मुठेल आणि तूप.

तूप राहिलेच. हे आईचे खाते आहे. गाईचे तूप पावशेर, तांब्याची परात, आणि उकळून गार केलेले पाणी. परातीत तूप घ्यायचे, त्यात पाणी घालायचे, तळहाताने गोल गोल फेसायचे, पाणी ओतून टाकायचे. हे एकदा झाले. असे शंभर वेळा. संस्कृतात शतधौत घृत म्हणतात. दहा-पंधरा धुण्यांनंतर पिवळा रंग उतरू लागतो, तिशीनंतर रवा मोडतो, पन्नाशीला त्याचा वास जातो, आणि पुढे ते फुगत फुगत असे पांढरे आणि हलके होते की, ते तूप होते हे सांगितल्यावाचून कळू नये. बोटाला लावले की गार वाटते, कारण त्यात पाणी मुरलेले असते. म्हणून ते फार दिवस टिकतही नाही. थोडे करावे, लागेल तसे करावे. आईला हे करायला सगळी दुपार लागते. सांधे दुखतात, तरी परात दुसऱ्याच्या हाती देत नाही. मी एकदा म्हणालो,

"आई, पन्नास वेळा धुतलं तर चालणार नाही का?"

"चालेल की. पण शंभर सांगितलंय."

"कोणी सांगितलंय?"

"सांगितलंय."

मला स्वतःला वाटते की, दुकानातले साधे पांढरे व्हॅसलीन यातले पुष्कळसे काम करील. साताऱ्याच्या बाईही तेच म्हणाल्या. लावायला हरकत नाही, एवढे मात्र म्हणाल्या. मग आईला मी का थांबवीत नाही? मराठीत 'बरे होणे' आणि 'बरे वाटणे' असे दोन निरनिराळे प्रयोग आहेत. जाळणारी औषधे सगळी पहिल्या प्रयोगाची लालूच दाखवतात: तीन दिवसांत बरे, मुळासकट बरे. इसब मुळासकट काढण्याचे औषध आज कोणाजवळ नाही, घरात नाही आणि दवाखान्यातही नाही. तो वर्षावर्षाने, ऋतूऋतूने कमीजास्त होत राहतो. मग दुसराच प्रयोग हाती राहतो, आणि आपल्या घरांत त्याला अगदीच कमी किंमत आहे. 'नुसतं बरं वाटतं,' असे आपण म्हणतो. रात्री दोन वाजता अकरा वर्षांच्या मुलीची नखे थांबतात आणि तिचा श्वास लांब होतो, याला 'नुसते' म्हणणाऱ्याने एक रात्र तिच्या उशाशी बसून पाहावे.

परवा भाऊबीजेच्या आधीच अक्का आली. दिवाळीच्या फराळाचा डबा ठेवला आणि ओटीवर आईसमोर बसली. आईचे धुणे चालू होते. मुलगी शेजारी पाटीवर रेघा मारून हिशेब ठेवीत होती; हे काम तिने आपण होऊन घेतले आहे. अक्काने भाचीची बाही वर केली, कोपर उलटसुलट करून पाहिले, आणि अंगठ्याने हळूच चाचपले. मग म्हणाली, "आई, सरक. दे इकडे."

आईने परात दिली नाही. अक्काने ती सरळ ओढून मांडीवर घेतली, बांगड्या मागे सारल्या आणि खाली वाकली. वाकल्याबरोबर अंबाडा पुढे झुकला आणि मानेवरचा डाग उघडा पडला. आई त्याच्याकडे पाहत राहिली. मुलगीही पाहत राहिली आणि तिने विचारले, "आत्या, हे काय गं?"

"ते होय? जुनं आहे," अक्का फेसता फेसता म्हणाली. "दुखत नाही आता. किती झाली गं धुणी?"

"एकसष्ट."

"आई, पाणी घाल."

आईने तांब्या उचलला.